सात रुपये चौदा पैसे

२०१९च्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात एका निवृत्त मास्तरांच्या हाती सात रुपये चौदा पैशांची पावती पडली. पुस्तक दहा दिवस उशिरा परत केल्याबद्दलचे ते विलंब शुल्क होते. चौदा पैसे सुटे कोठून आणायचे, हा प्रश्न मास्तरांनी विचारला नाही. गेली नऊ वर्षे दहा दिवसांच्या उशिराला पाचच रुपये पडत आले आहेत, मग आजचा हा हिशेब कोणत्या बैठकीत ठरला, एवढेच त्यांनी विचारले. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे पाहिले. आदल्याच आठवड्यात मी ग्रंथालयाचा संगणकीय कार्यक्रम पायथन या संगणकाच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसऱ्या आवृत्तीवर नेला होता आणि सगळे सुरळीत झाल्याचे कार्यकारी समितीला कळवूनही टाकले होते.

कारण शोधायला पाच मिनिटे लागली, पण ते समजावून सांगायला संध्याकाळ गेली. नियमावलीत ‘प्रत्येक आठवड्यास पाच रुपये’ इतकेच लिहिलेले होते. मी २०१० साली ते जसेच्या तसे कार्यक्रमात उतरवले : उशिराच्या दिवसांना सातने भागा आणि पाचने गुणा. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तर पूर्णांकच येत असे आणि बाकी गुपचूप गळून जात असे. दहा भागिले सात म्हणजे एक. तिसऱ्या आवृत्तीत तोच भागाकार एक पूर्णांक आणि पुढे दशांश चिन्हानंतरची लांबलचक रांग देतो. म्हणजे अपुरा आठवडा माफ करण्याचा जो उदार नियम गावात नऊ वर्षे चालत आला, तो ना समितीने केला होता ना मी. तो त्या भाषेच्या भागाकाराने केला होता आणि त्याचा पायंडा पडला होता. मास्तरांचे म्हणणे असे की पायंडा हाच नियम. मला त्यांचे म्हणणे पटले, आणि आता ‘अपुरा आठवडा सोडून द्यावा’ ही ओळ कार्यक्रमात उघडपणे लिहिलेली आहे.

मूळ कार्यक्रम मी हौसेने लिहिला होता. ग्रंथालयात सुमारे नऊ हजार पुस्तके होती, दाखलपुस्तकाच्या पाच जाड वह्या होत्या आणि त्यांतल्या दोन वह्यांना कसर लागली होती. कोणीतरी देणगी दिलेला एक गीगाबाइट मेमरीचा संगणक खिडकीपासून दूर, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवलेला होता. सकाळी कार्यक्रम चपळाईने चाले, दुपारपर्यंत जरा जड होई आणि संध्याकाळी, नेमकी वाचकांची गर्दी असताना, पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे. मग बाईंचा फोन येई : “बाब, कंप्युटर परत बंद पडलो.” त्यांनी स्वतःच त्यावर उपाय शोधला होता. दुपारी जेवायला जाताना त्या संगणक बंद करत आणि आल्यावर पुन्हा सुरू करत. हा उपाय माझ्या सगळ्या उपायांपेक्षा अधिक काळ टिकला, हे आधीच कबूल केलेले बरे.

संध्याकाळी मेमरी का भरते, याचे उत्तर शोधताना मला पायथनच्या पोटात डोकवावे लागले. हिडो फान रॉसम यांनी १९९१ साली जगासमोर ठेवलेली ही भाषा वापरणाऱ्याला मेमरीची चिंता करायला लावत नाही, अशी तिची ख्याती आहे. सी भाषेत जागा मागून घ्यावी लागते आणि काम झाले की आठवणीने परत करावी लागते. पायथनमध्ये हे काम भाषाच करते, आणि तिची रीत इतकी साधी आहे की ती बाईंना समजावून सांगताना मला नवा शब्द वापरावा लागला नाही. ग्रंथालयात जुनी, फाटकी पुस्तके यादीतून काढून टाकण्याला निर्लेखन म्हणतात. एखाद्या पुस्तकाचे निर्लेखन करण्याआधी बाई पाहतात की ते कोणाच्या कार्डावर आहे का. कोणाच्याही कार्डावर नसेल तरच ते यादीतून जाते. पायथनमधली प्रत्येक वस्तू, मग तो आकडा असो, शब्द असो की यादी असो, आपल्याकडे बोट दाखवणारे किती जण आहेत याची मोजणी स्वतःजवळ बाळगते. नवे बोट आले की मोजणी एकाने वाढते, गेले की एकाने कमी होते, आणि ती शून्यावर आली की त्याच क्षणी वस्तूची जागा मोकळी होते. ही मोजणी पाहण्याची सोयही भाषेत आहे, पण तीत एक गंमत आहे. एखाद्या वस्तूची मोजणी विचारली तर उत्तर सहसा अपेक्षेपेक्षा एकाने जास्त येते, कारण विचारताना ती वस्तू आपण विचारणाऱ्याच्या हाती दिलेली असते. चौकशीला आलेला माणूसही शिरगणतीत धरला जातो.

या मोजणीला जे दिसत नाही ते आमच्या घरच्या उदाहरणाने सांगतो. डिचोलीकडे आमचे एक जुने घर आहे. त्याच्या हिस्सेदारांपैकी दोन चुलतभाऊ असे की पहिला म्हणतो, दुसऱ्याने सही केली की मी हक्क सोडतो, आणि दुसराही नेमके तेच म्हणतो. दोघांनाही घर नको आहे. दोघांपैकी कोणी वीस वर्षांत तिथे पाऊल ठेवलेले नाही, अंगणात तेरड्याचे रान माजते आणि माडीची कौले दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली येतात. परंतु कागदावर घराला धनी आहेत, आणि जोवर कागदावर धनी आहेत तोवर ते कोणालाच मोकळे करता येत नाही. दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवून बसल्या तर त्यांची मोजणी कधीच शून्यावर येत नाही, मग बाहेरच्या जगात त्यांना विचारणारे कोणी नसले तरी.

माझ्या कार्यक्रमात नेमके हेच चालले होते. पुस्तक दिले की पुस्तकाच्या वस्तूत सभासदाचा उल्लेख येई आणि सभासदाच्या वस्तूत पुस्तकाचा. व्यवहार संपून पडदा मिटला तरी ती दोघे एकमेकांना धरून मेमरीत बसून राहत, आणि पुस्तकासोबत त्याच्या मुखपृष्ठाचे स्कॅन केलेले चित्रही बसून राही. गर्दीच्या दिवशी शंभर-दीडशे व्यवहार होत. एका गीगाबाइटची संध्याकाळी काय अवस्था होत असेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

या दोषावर भाषेने २००० साली, २.० या आवृत्तीत, इलाज काढला होता. मोजणीच्या जोडीला एक फेरीवाला नेमला गेला, ज्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात. तो अधूनमधून फिरतो आणि एकमेकांना धरून बसलेली टोळकी शोधतो. त्याची युक्ती मला आजही सुंदर वाटते. तो संशयित टोळक्यातल्या प्रत्येक वस्तूची मोजणी एका बाजूला उतरवून घेतो आणि तिच्यातून टोळक्याच्या आतल्या आत दाखवलेली बोटे वजा करतो. वजाबाकीनंतर ज्यांच्याकडे काही शिल्लक राहते त्यांना बाहेरून कोणीतरी धरलेले आहे, म्हणून त्यांना आणि त्यांनी धरलेल्यांना तो सोडून देतो. उरलेली सगळी बेवारस. ही फेरी कधी काढायची याचेही गणित आहे : नव्याने जन्मलेल्या वस्तू मोकळ्या झालेल्यांपेक्षा सातशेने जास्त झाल्या की पहिली फेरी, अशी मर्यादा या भाषेत बराच काळ होती. आमच्या घराच्या कज्जात असा कोणी फेरीवाला असता तर दोन्ही चुलतभावांच्या अटी परस्परांत वळत्या करून त्याने एका दुपारी निकाल दिला असता.

मग माझ्या कार्यक्रमात फेरीवाला का थकला? कारण मी शहाणपणा केला होता. पायथनमध्ये वस्तूला ‘डेल’ नावाचे शेवटचे कृत्य नेमून देता येते : नष्ट होण्याआधी एवढे करून जा. मी प्रत्येक व्यवहाराला सांगून ठेवले होते की जाताना नोंदवहीत ‘व्यवहार पूर्ण’ अशी ओळ लिहून जा. मला ती कल्पना फार डौलदार वाटली होती. पण दुसऱ्या आवृत्तीच्या फेरीवाल्याला अशी वस्तू टोळक्यात आढळली तर तो हात आखडता घेई. दोघांपैकी कोणाचे अंत्यकृत्य आधी करावे हे ठरवणे धोक्याचे, म्हणून तो कोणाचेच करत नसे आणि ते सगळे टोळके बाजूला एका यादीत कायमचे टाकून देई. त्या यादीचे नाव ‘गार्बेज’, आणि तिच्यातला कचरा कोणी उचलत नसे. ओळी काही लिहिल्या गेल्या नाहीत, मेमरी मात्र भरत राहिली. ओळी येत नाहीत हे दिसल्यावर मी ‘परत’ हे बटण दाबताच ओळ लिहिण्याची वेगळी तजवीज केली. जुने ‘डेल’ काढून टाकायचे राहिले. काही करतच नाही तर राहीना का, असे मला वाटले असावे.

आवृत्ती बदलण्याचे काम आम्ही २०१९पर्यंत टाळले. अवघ्या जगाने ते टाळले होते, तेव्हा आमच्या गावच्या ग्रंथालयाला दोष देण्यात अर्थ नाही. पायथन ३.० डिसेंबर २००८मध्ये आले आणि ते मागच्या आवृत्तीशी जाणूनबुजून विसंगत ठेवलेले होते. जुने कार्यक्रम त्यावर तसेच्या तसे चालणार नाहीत, हे आधीच जाहीर केलेले होते. २०१०मध्ये २.७ आले, आणि २.८ कधीही निघणार नाही, असे पुढच्याच वर्षी एका प्रस्तावपत्राने औपचारिकरीत्या बजावण्यात आले. न निघणाऱ्या आवृत्तीचे वेळापत्रक काढण्याचा तो प्रकार मला अस्सल सरकारी वाटला होता. २.७ची मुदत आधी २०१५ची होती, ती २०१४मध्ये वाढवून २०२० करण्यात आली. म्हणजे एका भाषेच्या दोन पिढ्या अकरा वर्षे एकाच छपराखाली, वेगवेगळ्या चुली मांडून राहिल्या. दोन्हीकडे चालेल असे लिहिण्यासाठी ‘सिक्स’ नावाची एक जोडणी निघाली, कारण दोन गुणिले तीन म्हणजे सहा.

त्या अकरा वर्षांत पायथनच्या लोकांत जी भांडणे झाली, ती मी पदरचे काहीही न घालता वाचत राहिलो. एक पक्ष म्हणे की चालती गाडी मोडून लोकांना वेठीस धरण्याचे कारण नव्हते, दुसरा म्हणे की पाया चुकला असेल तर आज ना उद्या खणावेच लागते. माझे मत असे की कर्त्यांचा निर्णय बरोबर होता आणि रीत चुकली. छपाईच्या आज्ञेला कंस लावण्यासारखे किरकोळ बदल त्यांनी त्याच गठ्ठ्यात बांधले आणि त्यामुळे मूळ बदलाचे मोल लोकांना दिसेना. दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या पद्धतीतल्या, शब्दाच्या आधी ‘यू’ हे अक्षर लावत असत. तिसऱ्या आवृत्तीत त्याची गरज नव्हती, पण ते असले तर काही बिघडतही नव्हते. तरीही ते चालेनासे करण्यात आले आणि २०१२मध्ये, ३.३ या आवृत्तीत, पुन्हा चालू करावे लागले. इतक्या साध्या सवलतीसाठी लोकांना जवळजवळ चार वर्षे ताटकळावे लागले.

मूळ बदल, म्हणजे मजकूर बाइट या साठवणीच्या एककात न मोजता चिन्हांत मोजणे, मात्र आपल्यासारख्यांच्या हिताचा होता, आणि हे त्या भांडणांत फार थोडे जण बोलले. इंग्रजीत लिहिणाऱ्याला एक अक्षर म्हणजे एक बाइट. त्याला दुसऱ्या आवृत्तीत काही खुपतच नव्हते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. दुसऱ्या आवृत्तीला साध्या अवतरणचिन्हांत ‘ग्रंथालय’ हा शब्द देऊन त्याची लांबी विचारली तर ती चोवीस सांगे. तिसरी आवृत्ती आठ सांगते. ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. वाचणाऱ्याला दिसतात चारच अक्षरे : ग्रं, था, ल, य. तिसरी आवृत्तीसुद्धा आपल्या चारपर्यंत पोहोचत नाही, पण निदान ती विटा मोजते, विटांची माती मोजत बसत नाही.

ही माती मला पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या पट्ट्यांवर भेटली. पट्टीवर जागा कमी, म्हणून पुस्तकाचे नाव चाळिसावर तोडावे असे मी २०१०मध्ये लिहिले होते. चाळीस अक्षरे, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते चाळीस बाइट होते. नाव एकाच लांब शब्दाचे असेल तर तेरा चिन्हांत एकोणचाळीस बाइट संपत आणि चौदाव्या चिन्हाचा एक तृतीयांश तुकडा शेवटी लोंबकळत राही, जो छापताना काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हासारखा उमटे. नाव दोन शब्दांचे असेल तर मधली मोकळी जागा एक बाइट घेई, एकोणचाळीस अधिक एक असा हिशेब नेमका जुळे आणि पट्टी निर्मळ येई. तीन शब्दांच्या नावात पुन्हा दोन बाइटांचा लोंबता तुकडा. मी चाचणीसाठी घेतलेली सगळी नावे योगायोगाने दोन शब्दांची होती.

बाईंनी ती प्रश्नचिन्हे कधी मनावर घेतली नाहीत. त्या पेनाने दुरुस्ती करत. परंतु तोडलेली नावे मी मूर्खासारखी साठवूनही ठेवली होती, आणि तिसऱ्या आवृत्तीला अर्धवट अक्षर चालत नाही. दुसरी आवृत्ती मोडका तुकडा निमूट पुढे ढकलत असे. तिसरी त्याच ठिकाणी थांबते आणि हे अक्षर मला वाचता येत नाही असे सांगून सगळे काम बंद करते. पुस्तकांची यादी उघडताना ती एकशे बाराव्या नोंदीवर थांबली. ती दुरुस्त केली तर एकशे पंधराव्यावर. नऊ हजारांपैकी किती नावे अशी निघणार, ते मोजण्याचे धाडस मी त्या रात्री केले नाही. पुढचे तीन रविवार मी आणि बाई दाखलपुस्तकाच्या वह्या काढून, कसरीने खाल्लेल्या जागा भिंगातून वाचत, पूर्ण नावे पुन्हा भरत बसलो. लोक ज्याला भाषेचा जाच म्हणत होते तो मला तिथे समजला, आणि खरे सांगायचे तर त्या वह्या त्या निमित्ताने शेवटच्या वाचल्या गेल्या.

मेमरीचे दुखणे मात्र न सांगता बरे झाले. ‘डेल’ असलेल्या टोळक्यांनाही मोकळे करण्याची व्यवस्था ३.४ या आवृत्तीत आली होती आणि आम्ही थेट ३.७ घेतले होते. संध्याकाळी संगणक थिजेनासा झाला. मी आनंदात होतो, तो महिन्याचा अहवाल निघेपर्यंत. त्या अहवालानुसार महिनाभरात ग्रंथालयाने जितकी पुस्तके दिली होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट परत आली होती. नऊ वर्षे निपचित पडलेले ‘डेल’ जागे झाले होते आणि नेमून दिलेली ओळ इमानाने लिहू लागले होते. तीच ओळ ‘परत’ बटणही लिहीत होते. दोष असताना केलेली डागडुजी दोष गेल्यावर स्वतःच दोष झाली. समितीच्या अध्यक्षांनी अहवाल वाचून, गावातले लोक घरची पुस्तकेही आणून देऊ लागले की काय, असे विचारले.

या सगळ्या काळात मला आमच्या गोव्याच्या कायद्याची आठवण येत राहिली. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे लागू होती. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२च्या कायद्याने, बदलेपर्यंत जुने कायदे चालू राहतील, असे ठरले. खुद्द पोर्तुगालने १९६६मध्ये नवी नागरी संहिता केली. म्हणजे मूळ मालकाने आवृत्ती बदलली आणि आपण जुनीच चालवत राहिलो, अधूनमधून आपल्या हाताने ठिगळ लावत. वारसा आणि वाटपाच्या भागाला २०१२चा राज्याचा कायदा हे त्यातले मोठे ठिगळ. आमच्या घराच्या वाटपाचा कागद ज्या वकिलांकडे आहे त्यांना मी एकदा हे ऐकवले. ते म्हणाले, चालती संहिता बदलण्यापेक्षा तिच्यावर चालणारी माणसे बदलणे कठीण.

पायथनमध्ये मेमरी आणि आवृत्ती हे दोन प्रश्न अलीकडे पुन्हा एकत्र आले आहेत. बोटांची ती साधी मोजणी सुरक्षित राहावी म्हणून या भाषेत एक मोठे कुलूप आहे, ज्याला गिल म्हणतात. एका वेळी एकाच धाग्याने, म्हणजे कार्यक्रमात जोडीने चालू शकणाऱ्या कामांपैकी एकानेच, मोजणीला हात लावायचा, म्हणून एका वेळी एकच धागा चालायचा. हे कुलूप काढण्याचा एक प्रयत्न नव्वदच्या दशकात ग्रेग स्टाइन यांनी आणि एक २०१६च्या सुमारास लॅरी हेस्टिंग्ज यांनी केला. कुलूप निघे, पण प्रत्येक मोजणी जपून करण्याच्या खर्चापायी एकट्या धाग्याचा वेग इतका घटे की तो सौदा कोणाला परवडेना. सॅम ग्रॉस यांच्या प्रस्तावात वस्तूचा जो धनी धागा आहे त्याने आपली मोजणी स्वस्तात करावी आणि परक्यांची मोजणी वेगळ्या खात्यात मांडावी अशी योजना आहे. शिवाय ज्यांच्याकडे सगळेच बोट दाखवतात त्या मोजक्या वस्तू ३.१२पासून अमरच केलेल्या आहेत, त्यांची मोजणी कोणी बदलत नाही. २०२३मध्ये हा प्रस्ताव स्वीकारला गेला आणि ऑक्टोबर २०२४च्या ३.१३मध्ये कुलपाविना चालणारी बांधणी वेगळी, ज्याला हवी त्याने घ्यावी अशी दिली गेली. निभावले नाही तर माघार घेण्याची मुभाही कर्त्यांनी स्वतःकडे ठेवली. त्याच ३.१३मध्ये फेरीवाल्याच्या कामाची नवी पद्धत घातली होती, ती काही कार्यक्रम मंदावल्याचे दिसताच प्रकाशनाच्या तोंडावर काढून टाकण्यात आली. २००८मध्ये या मंडळींनी असे केले नसते. अकरा वर्षांच्या दोन चुलींचा धूर त्यांच्या डोळ्यांत गेला आहे, हे त्यातून दिसते.

आमच्या ग्रंथालयात आता नवा संगणक आहे. जुना जिन्याखाली, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ठेवलेला आहे. गेल्या मार्चमध्ये मी तो भंगारात द्यावा असे सुचवले. बाईंनी जडसंग्रह नोंदवही उघडून दाखवली. त्यात त्याची नोंद आहे, आणि नोंद असलेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. मग नोंद रद्द करण्याचा ठराव मांडू या, असे मी म्हटले. बाई म्हणाल्या की तसा ठराव मागे एकदा मांडला होता. तेव्हा तपासणीसाला वस्तू प्रत्यक्ष दिसत असताना नोंद कशी रद्द करायची, असे म्हणून समितीने तो पुढच्या बैठकीवर ढकलला. त्यांनी आच्छादनाचे टोक वर करून संगणकावरची धूळ फडक्याने पुसली, दाखल क्रमांकाची पट्टी नीट चिकटलेली आहे ना ते पाहिले आणि टोक पुन्हा खाली सोडले.